साहेबाचे वारस शोधताना

निवृत्तीनंतर माणसाला गुडघे लागतात नाहीतर इतिहास लागतो. मला दोन्ही लागले. गुडघ्यांचं डॉक्टर बघतात. इतिहासाचं असं झालं, की हरेगावच्या साखर कारखान्याचा ‘साहेब’ कोण होता, त्याच्या बायकापोरांचं पुढे काय झालं आणि एवढ्या मोठ्या मळ्याचा वारसा कुणाकडे गेला, हे शोधायचं खूळ डोक्यात शिरलं. बेलापूर पट्ट्यात वाढलेल्या प्रत्येकानं या साहेबाच्या गोष्टी ऐकलेल्या असतात: त्याचा बंगला, त्याचा घोडा, पाटाच्या पाण्यावर त्याचा हुकूम. मला वाटलं, एक मृत्युपत्र हाती लागलं की सगळं उलगडेल. त्यानंतर जे हाती लागलं ते असं.

१. बेलापूर कंपनीचा कारखाना बेलापुरात नव्हता. आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे, पण कागद शोधायला बसल्यावरच ते खऱ्या अर्थानं कळतं. दौंड-मनमाड लोहमार्ग १८७८ साली सुरू झाला, तेव्हा स्टेशनाला नाव मिळालं बेलापूर. मूळ गाव मात्र तिथून दूर, प्रवरेकाठी. स्टेशनाभोवती वाढलेलं गाव पुढे श्रीरामपूर झालं, कंपनीनं नाव घेतलं बेलापूरचं आणि चिमणी उभी राहिली हरेगावात. त्यातून १८८४ च्या गॅझेटियरमध्ये बेलापूर शोधायचं तर राहुरी तालुक्यात जावं लागतं, कारण श्रीरामपूर तालुक्याचा तेव्हा जन्मच झालेला नव्हता. मोबाइलवर शोधलं तर नवी मुंबईतले फ्लॅट दिसतात, तेही समुद्र दिसणारे. एकूण काय, माणसाचा वंश शोधण्याआधी गावाचा वंश शोधावा लागतो आणि जुना दप्तरकारकून भेटला तर पहिला प्रश्न ‘तालुका कुठला?’ हा नसून ‘तेव्हाचा तालुका कुठला?’ हा असतो.

२. साहेबाला आडनाव सापडेना, कारण साहेब हा एक माणूस नव्हताच. म्हाताऱ्या माणसांना विचारत गेलो. एकाचा साहेब उंच, लाल तोंडाचा आणि शीघ्रकोपी. दुसऱ्याचा बुटका, मराठी शिव्या चोख देणारा. तिसऱ्याचा साहेब तर पारशी निघाला. सगळे खरंच सांगत होते. प्रत्येकाच्या उमेदीच्या काळात जो मॅनेजर होता तो त्याचा साहेब. मालक कोण, तर बेलापूर कंपनी लिमिटेड. तिचा कारभार पाहणारी मॅनेजिंग एजन्सी मुंबईची डब्ल्यू. एच. ब्रॅडी आणि कंपनी. बंगालचे निळीचे मळेवाले किंवा आसामचे चहावाले आपण कथाकादंबऱ्यांतून ओळखतो. १८३७ च्या कायद्यानं युरोपियनांना इथे जमीन धारण करायची मोकळीक मिळाली, त्यानंतर त्यांची घराणी उभी राहिली. आमच्याकडे साखर आली ती पाटाच्या मागोमाग, पहिल्या महायुद्धाच्या आगेमागे. भंडारदऱ्याचं धरण १९२६ साली पुरं झालं. दुष्काळी मुलखासाठी एवढा खर्च करून कालवे काढले, तर पाणी घेऊन पट्टी भरणारं मोठं गिऱ्हाईक सरकारला हवंच होतं. ते गिऱ्हाईक घराणं नव्हे, भागधारकांची कंपनी होती. कंपनीला बायको नसते, धाकटा भाऊ नसतो, व्यसनी पुतण्या नसतो. तिचं मृत्युपत्र कुठून आणणार? मॅनेजिंग एजन्सीची पद्धत १९७० साली कायद्यानं मोडीत निघाली, तेव्हाही कुणाचं श्राद्ध झालं नाही.

३. तरीही इंग्रजांची मृत्युपत्रं वाचायची चटक लागली ती लागलीच. याबाबतीत ती माणसं फार शिस्तीची. मुंबई, मद्रास, बंगाल या तिन्ही इलाख्यांत मेलेल्या गोऱ्या माणसांच्या मृत्युपत्रांच्या नकला लंडनला जात, त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. जो मायदेशी जाऊन मेला, त्याची ओळ १८५८ पासूनच्या इंग्लंडच्या प्रोबेट सूचीत सापडते: नाव, शेवटचा पत्ता, मरणाची तारीख, कारभार कुणाकडे सोपवला आणि मागे किती पौंड. आपल्याकडे आख्ख्या माणसाची एवढी माहिती त्याच्या सख्ख्या मुलांनाही नसते. मला चकित केलं ते जुन्या काळातल्या कागदांनी. १७८० च्या सुमाराची बंगालमधली मृत्युपत्रं अभ्यासणाऱ्यांना असं दिसलं, की साधारण तिनातल्या एकात हिंदुस्थानी सोबतीण किंवा तिची मुलं यांच्यासाठी काहीतरी ठेवलेलं आहे. पुढच्या शतकात ती हळूहळू कागदावरून नाहीशी होतात. आयुष्यातून होतात की नाही, हे कागद सांगत नाही. पण विसाव्या शतकातल्या एखाद्या पगारी मॅनेजरच्या नावापुढची ओळ पाहावी, तर त्यात एखाद्या इंग्रजी गावातलं घर आणि विधवेचं नाव. प्रवरेकाठचा एक गुंठाही नाही. कसा असेल? जमीन त्याची कधी नव्हतीच.

४. आमच्या बाजूला मृत्युपत्रं नाहीत, फेरफार आहेत. वारसा शोधायचाच, तर तो जमीन दिलेल्यांचा शोधावा लागणार, हे इथे लक्षात आलं आणि साहेबामागे निघालेला मी स्वतःच्याच पणजोबांच्या दारात येऊन उभा राहिलो. त्यांचीही जमीन या पट्ट्यातल्या एका कारखान्याकडे खंडानं गेलेली. मुंबई शहरातल्या मृत्युपत्राला प्रोबेट लागायचं, खेड्यातल्या शेतकऱ्याला ती भानगड नव्हती. तो मेला की नोंद व्हायची. हक्कनोंदीचा कायदा मुंबई इलाख्यात १९०३ चा. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सहा-क म्हणजे वारस नोंदवही, आठ-अ म्हणजे खातं आणि सातबारा तर सर्वांचा लाडका. कायदा म्हणतो, हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवा. आपले लोक कळवतात ते सोसायटीचं कर्ज काढायचं असतं तेव्हा किंवा भावाशी बोलणं बंद होतं तेव्हा. त्यामुळे आमच्या एका आजोबांचं मरण कागदावर त्यांच्या खऱ्या मरणानंतर बऱ्याच वर्षांनी झालं. मधल्या काळात ते निवांतपणे सारा भरत होते.

या कागदांची एक स्वतंत्र बाराखडी आहे आणि ती येईपर्यंत माणसानं आपलं शिक्षण विसरलेलं बरं. थोरल्याच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसलं की समजायचं, हा एकत्र कुटुंबाचा मॅनेजर; याच्या पाठीमागे तीन-चार भाऊ आहेत, ज्यांची नावं सरकारला ठाऊक नाहीत. ‘अ.पा.क.’ म्हणजे पोर अज्ञान आहे आणि कुणीतरी त्याचं पालन करतंय, बहुधा विधवा आई. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे मुलगा, ‘कोम’ आणि ‘भ्र.’ म्हणजे बायको. नावाला कंस पडला की त्याचा हक्क संपला. जुनं पान मोडीत असलं तर वाचणाऱ्याला चहा पाजावा लागतो आणि तो वाचेल ते ऐकावं लागतं. सगळ्यात मोठा घोळ आमच्याच चालीरीतीचा. नातवाला आजोबाचं नाव ठेवायचं. त्यामुळे रामा बिन धोंडी, मग धोंडी बिन रामा, मग पुन्हा रामा बिन धोंडी. इंग्रजांच्या राजघराण्यात एकाच नावाचे दोघे आले तर ते आकडा घालतात. आमच्याकडे दोन धोंडींमधला फरक फक्त फेरफार क्रमांकाला माहीत असतो.

५. वंशावळीत बायका शोधायच्या तर त्या हिशेबाच्या कडेला सापडतात. विधवा झाली तर नाव लागतं, पोरगा सज्ञान झाला की कंस पडतो. मुलींची नावं बराच काळ लागतच नसत. लागली तर ‘इतर हक्क’ या रकान्यात, पीककर्जाच्या बोज्याशेजारी. १९५६ च्या वारसा कायद्यानं मुलीला बापाच्या हिश्श्यात जागा दिली, १९९४ साली महाराष्ट्रानं आणि २००५ साली देशानं तिला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला. त्याच वेगानं हक्कसोडपत्रंही वाढली. आमच्या एका आत्यानं असं पत्र करून दिलं होतं. मी ते मोठ्या अभ्यासू चेहऱ्यानं तिला वाचून दाखवलं, ‘स्वखुशीने व कोणाच्याही दडपणाशिवाय’ इथपर्यंत. ती म्हणाली, “खुशी कसली रे बाबा, भाऊबीजेला यायचं होतं ना मला.” त्यानंतर असला दस्त वाचताना मी मजकुराआधी महिना बघतो. दिवाळीच्या अलीकडचा आहे की पलीकडचा, एवढंच.

६. कूळकायदा आमच्याकडे डोक्यावर उभा होता. सगळ्या महाराष्ट्रात कूळ गरीब आणि जमीनदार बडा. इथे जमीन देणारा पाच-दहा एकरांचा शेतकरी आणि ती खंडानं कसणारा कारखाना. या देणाऱ्यांनाच लोक खंडकरी म्हणू लागले. आता विचार करा: १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, त्या दिवशी कसणारं कूळ मालक मानलं गेलं. तोच नियम सरसकट लागला असता तर ‘कसेल त्याची जमीन’ म्हणत सगळा मळा कंपनीच्या घशात गेला असता. १९४८ च्या कूळकायद्यात कलम ४३-अ होतं म्हणून वाचले; उसासाठी आणि उद्योगांसाठी दिलेले पट्टे त्यानं बाजूला ठेवले. ज्या घोषणेसाठी आमच्या वडिलांच्या पिढीनं मोर्चे काढले, त्याच घोषणेतून वगळल्यामुळे त्यांच्या वडिलांची मालकी टिकली, हे कळल्यावर मी काही दिवस राजकारणावर मतं देणं थांबवलं होतं. घरच्यांनी त्याचं स्वागत केलं.

७. कंपनी गेली म्हणून जमीन घरी आली नाही. १९६१ चा सीलिंगचा कायदा आला आणि कारखान्यांच्या ताब्यातले मळे सरकारकडे गेले. ते चालवायला १९६३ साली राज्य शेती महामंडळ निघालं. म्हणजे साहेबाचा खरा वारस अखेर सापडला: सरकार! खंडकऱ्यांनी मग सरकारशी भांडण मांडलं. मनमाडचे कॉम्रेड माधवराव गायकवाड त्या लढ्यात हयातभर उभे राहिले, रस्त्यावर आणि कोर्टातही. काहींना तुकडे आधी मिळाले; मोठं वाटप सुरू झालं ते २०१२ साली. हरेगाव मळ्याची गोष्ट आणखी वेगळी. तिथल्या नऊ गावांची जमीन सरकारमार्फत कंपनीकडे गेली आणि कागदावर मालकाच्या जागी आलं ‘आकारी पड’, जो शेरा एरवी सारा थकून सरकारजमा झालेल्या जमिनीवर बसतो. खंडकऱ्याच्या हातात निदान पणजोबाच्या नावाचा करार होता. यांच्याकडे दोन शब्दांचा शेरा, आणि तेवढ्यावर पिढ्यान्‌पिढ्या अर्ज-विनंत्या.

८. जमीन परत मिळणार म्हटलं की नातेवाईक जन्माला येतात. जमीन दिली होती एका माणसानं. परत घ्यायला त्याच्या चौथ्या पिढीची रांग. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं तर प्रत्येक फांदीचा मृत्यूचा दाखला हवा. त्यातली एक फांदी सुरतेला, एक ठाण्याच्या चाळीत, एक घरावर रुसून गेलेली, जिचं नाव आमच्या घरात कुणी काढत नसे. ते रुसलेले आजोबा आमच्या लहानपणी गोष्टीतसुद्धा नव्हते. फेरफारात मात्र ठळक होते. त्यांच्या नातवाला मी शोधून काढलं तेव्हा त्याला वाटलं, मी कर्जवसुलीवाला आहे. हिश्शांचा हिशेब मांडला तर एकर संपून गुंठे आले, गुंठ्यांचे पुढे आणे-पै निघाले. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. आमचं कुटुंब त्याच्या आधीपासून तुकडे करत आलेलं आहे.

९. या सगळ्यातून मला मिळालं ते एक बिनपगारी पद. भावकीत कुणाला जुना उतारा लागला, मोडीतला कागद सापडला, वारसाचा अर्ज अडला, की फोन माझ्याकडे. साहेबाच्या कुटुंबाबद्दल कुणी विचारत नाही; ती वही कपाटात आहे आणि तिची बरीच पानं कोरी आहेत. परवा पुण्याहून एका लांबच्या पुतण्याचा फोन आला. इंजिनिअर आहे, घाईत असतो. म्हणाला, “काका, आमच्या वाट्याला नेमके किती गुंठे येतात तेवढं सांगा.” मी म्हटलं, “सांगतो की. आधी तुझ्या आजोबांच्या मृत्यूचा दाखला पाठव.” पलीकडे जरा शांतता. मग त्यानं विचारलं, “काका, धोंडी की रामा?”