चर्चगेटचे चर्च

चर्चगेट हे नाव मुंबईकराच्या तोंडी रोज असते. परंतु त्यातील ‘चर्च’ स्टेशनपाशी शोधू गेल्यास सापडत नाही. ते तेथून पूर्वेस, हुतात्मा चौक ओलांडल्यावर हॉर्निमन सर्कलजवळ आहे. कोटाच्या ज्या दरवाजातून या सेंट थॉमस चर्चकडे वाट जाई, त्याला चर्चगेट म्हणत. १८६० नंतरच्या दशकात तटाबरोबर दरवाजा पाडला गेला, नाव मात्र राहिले. शहराचे मैलही एके काळी येथूनच मोजत. तसे कोरलेले जुने दगड काळबादेवी-दादरकडे आढळले आहेत.

गव्हर्नर जेराल्ड आँजिअर याच्या काळात, १६७६ मध्ये, चर्चचा पाया घातला गेला. पुढच्याच वर्षी तो सुरतेस वारला आणि अर्धवट भिंती सुमारे चाळीस वर्षे छपराविना उभ्या राहिल्या. व्यापारी कंपनीला वखारीची जेवढी निकड, तेवढी प्रार्थनेची नसावी! अखेर रिचर्ड कॉब या धर्मोपदेशकाने १७१५ पासून वर्गणीसाठी खटपट केली आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडले. १८३७ मध्ये मुंबईस बिशपची गादी स्थापन होऊन त्याचे कॅथीड्रल झाले.

वास्तू एका हातची नाही. मूळ इमारत साधी, जाड भिंतींची. पुढे १८३८ च्या सुमारास मनोरा चढला आणि १८६० च्या दशकात वेदीकडचा भाग गॉथिक धर्तीवर नव्याने बांधला गेला. हा जोड लपत नाही. किंबहुना त्यामुळेच इमारतीचे वय वाचता येते. समोरील कारंज्याचा आराखडा जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या इंग्रज वास्तुविशारदाचा, तर खर्च कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी दात्याचा. जतनाच्या कामासाठी २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याने अधिक वेळ द्यावा तो भिंतींवरील संगमरवरी स्मारकांना. त्यांत गव्हर्नर जोनाथन डंकन (मृत्यू १८११) याचे स्मारक विशेष आहे. काशी व काठेवाड येथील बालहत्या त्याने बंद केली, अशा अर्थाची अक्षरे त्यावर आहेत. डंकनचे प्रयत्न खरे होते. जन्मलेल्या मुलींना मारणार नाही, असे करारनामे त्याच्या काळात लिहून घेतले गेले. मात्र प्रथा त्याने थांबली नाही. स्त्रीबालहत्येविरुद्ध सरकारला कायदा करावा लागला तो १८७० मध्ये, म्हणजे डंकनच्या मृत्यूनंतर एकोणसाठ वर्षांनी.