लोक ‘नाही’ म्हणतात तेव्हा

शास्त्रभाग : १ शमुवेल, अध्याय ८ व १२

पुढाऱ्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास कसा बसतो, हा या पाठाचा विषय आहे. संडेस्कूलच्या वरच्या वर्गांना तो शिकविता येईल; पास्टरेट कमिटीच्या सभासदांनीही तो वाचावा अशी आमची इच्छा आहे. या विषयावर बोलताना आपण बहुधा यशस्वी पुढाऱ्यांची उदाहरणे घेतो. आम्ही मुद्दाम एका पराभवाचे घेत आहोत. सर्व काही मनासारखे घडत असता माणसाच्या शब्दाची पारख होत नाही.

प्रथम शास्त्रभाग पाहू. इस्राएलाचे वडील रामा येथे शमुवेलाकडे आले व आम्हांस राजा हवा असे म्हणाले. मागणी त्याला आवडली नाही. त्याने आपले मत लपविले नाही. राजा तुमच्या मुलांना, शेतांना आणि गुराढोरांना काय करील हे त्याने एकेक करून सांगितले. तरीही लोक ऐकेनात. तेव्हा त्याने त्यांचे म्हणणे मान्य केले, राजा दिला, आणि मग सर्वांसमोर उभा राहून विचारले की, मी कोणाचा बैल किंवा गाढव घेतले असेल तर सांगा. कोणी पुढे आले नाही. येथे शिक्षकांनी एक गोष्ट विसरू नये. शमुवेलाचे मुलगे लाच खात होते आणि राजा मागण्याचे तेही एक कारण होते. म्हणजे घरातील दोष लोकांना ठाऊक होता, तरी खुद्द शमुवेलाच्या शब्दावर कोणी बोट ठेवले नाही.

आता आपल्या काळातील आणि आपल्या शेजारचे उदाहरण घेऊ. गोव्यातील पेडणे व डिचोली हे तालुके महाराष्ट्राच्या सीमेला लागून आहेत. पोर्तुगिजांच्या हाती ते उशिरा, अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेले. पेडणे तर १७८८ साली. म्हणून या भागाला नव्या काबिजादी म्हणत. येथील देवळांत, पोथ्यांत व शाळांत मराठी टिकून राहिली. जमीन मात्र भाटकाराची. कसणारे ते कूळ आणि त्याच जमिनीवर झोपडी बांधून राहणारा तो मुंडकार. या पेडण्यात १९११ साली दयानंद बांदोडकर जन्मले. पुढे खाणमालक झाले आणि २० डिसेंबर १९६३ रोजी गोवा, दमण व दीव या प्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री झाले. लोक त्यांना भाऊसाहेब म्हणत.

त्यांना काय हवे होते याविषयी कोणाला शंका नव्हती. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा हे त्यांचे ध्येय, आणि ते पक्षाच्या नावातच लिहिलेले : महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष. मते मिळेपर्यंत एक बोलणे आणि खुर्ची मिळाल्यावर दुसरे, असा प्रकार तेथे नव्हता. खेड्यापाड्यांतून प्राथमिक शाळा निघाल्या, १९६४ साली कुळांसाठी कायदा झाला. बोलण्याच्या मागे काही काम उभे राहिले. डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष विरुद्ध बाजूला होता. गोवा वेगळा राहावा हे तेही तितक्याच उघडपणे सांगत. दोन्ही पक्षांचे म्हणणे लोकांना मराठीतून वाचावयास मिळे. ‘राष्ट्रमत’ हे विलीनीकरणाविरुद्धचे दैनिकही मराठीच होते. मराठी वाचणारा म्हणजे विलीनीकरणवादी, अशी सोपी वाटणी करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

हा प्रश्न विधानसभेने सोडवू नये, लोकांना थेट विचारावे, असे ठरले व १९६६ साली संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मग विरोधकांनी मागणी केली की, कौल होईपर्यंत हे मंत्रिमंडळ अधिकारावर नको. मागणी रास्तच होती. वादी आणि पंच एकच असला तर निवाडा कोण मानील? बांदोडकरांनी डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला. आमच्या मते या सर्व हकीकतीतील शिकण्याजोगी जागा हीच. आपण सांगतो तेच लोकांच्या हिताचे आहे अशी खात्री असलेल्या माणसाने, लोक आपल्या दाबाविना बोलू शकावेत म्हणून, खुर्ची सोडली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतदान झाले. विलीनीकरणाची खूण फूल, वेगळ्या प्रदेशाची दोन पाने. पेडणे, डिचोली या भागांत फुलाचा जोर होता. परंतु सबंध गोव्यात दोन पानांना १,७२,१९१ आणि फुलाला १,३८,१७० मते पडली. ३४,०२१ मतांनी भाऊसाहेबांचे ध्येय हरले.

यापुढे काय झाले ते पाहा. मार्चमध्ये निवडणूक आली. त्यांच्या पक्षाला ३० पैकी १६ जागा मिळाल्या, आणि जो वेगळा प्रदेश त्यांना नको होता त्याच प्रदेशाचा कारभार ५ एप्रिल रोजी त्यांनी पुन्हा हाती घेतला. १२ ऑगस्ट १९७३ रोजी निधन होईपर्यंत ते मुख्यमंत्री होते. १६ जागा म्हणजे काठावरचे बहुमत. साऱ्या गोव्याने त्यांना डोक्यावर घेतले असे आम्ही म्हणणार नाही. पण ज्यांनी फुलावर मत दिले व जे हरले, त्यांना आपण फसविले गेलो असे वाटावयास जागा नव्हती. आणि जे जिंकले, त्यांना सरकारने कौल वाकविला अशी तक्रार करावी लागली नाही.

त्यांना निर्दोष ठरविण्याचाही आमचा हेतू नाही. १९७० साली त्यांच्याच पक्षातील काही आमदारांनी बंड केले. कारभार एकहाती चालतो अशी तक्रार होती. भर सभेत मनमोकळे बोलणारा माणूस आपल्या सहकाऱ्यांबरोबर तसा असतोच असे नाही. घरातल्या मेजावरचा विश्वास निराळा मिळवावा लागतो.

आपल्या मंडळ्यांत पाहिले तर गाडी बहुधा वेगळ्याच ठिकाणी अडते. जागा विकण्याचा किंवा इमारतीचा निर्णय चार जण आधी घेतात आणि मग मंडळीची सभा बोलावून ‘आपले मत काय?’ असे विचारतात. अध्यक्ष तोच, हिशेब ठेवणारा तोच, प्रस्ताव मांडणाराही तोच. लोक हात वर करतात व घरी जाताना वाटेत खरे बोलतात. पुढाऱ्याला मत नसावे असे नाही. शमुवेलाला होते, बांदोडकरांना होते. ते सभेआधी स्पष्ट सांगावे, हिशेब मेजावर ठेवावा, मतदानाच्या वेळी अध्यक्षपद दुसऱ्याला द्यावे. आणि ठराव फेटाळला गेला तर पुढच्या रविवारी नेहमीच्या बाकावर येऊन बसावे. शमुवेलाने हेच केले. ज्यांनी त्याचे ऐकले नाही त्यांच्यासाठी प्रार्थना करणे व त्यांना चांगला मार्ग शिकविणे त्याने सोडले नाही.

शिक्षकांनी वर्गात हा पाठ घेताना मुलांचे दोन गट करावेत. सहलीचे ठिकाण किंवा नाताळचे नाटक, असा त्यांच्या जिव्हाळ्याचा एखादा विषय द्यावा. शिक्षकाने स्वतःची आवड प्रथम उघड सांगावी, मग चिठ्ठ्या टाकाव्यात आणि चिठ्ठ्या मोजण्याचे काम विरुद्ध मताच्या मुलाकडे द्यावे. निकाल शिक्षकाच्या आवडीविरुद्ध गेला तर तयारीचे पहिले काम शिक्षकाने स्वतःकडे घ्यावे. त्यानंतरच अध्याय १२ उघडून मुलांकडून मोठ्याने वाचवून घ्यावा.