कालवें आणि वनराई

जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर केसेन्नुमा नांवाचें बंदर आहे. तेथें तराफ्यांस दोर बांधून त्यांवर कालवें वाढवितात. १९६० नंतरच्या काळांत सांडपाण्यामुळें समुद्र तांबडा होऊं लागला आणि कालवांचें मांसही तांबडें निघूं लागलें. असा माल कोण घेणार? तेथील कालव-व्यावसायिक शिगेआत्सु हाताकेयामा ह्यांनीं उपाय नदीच्या उगमाकडे शोधिला, व १९८९ सालीं सहकाऱ्यांसह मुरोने डोंगरावर रुंद पानांचीं झाडें लाविलीं.

कोळ्यांनीं डोंगर चढावा हें विपरीत वाटेल. परंतु त्याचें शास्त्रीय कारण होक्काइदो विद्यापीठाचे प्राध्यापक मात्सुनागा ह्यांनीं दाखविलें. पानें कुजून जें अम्ल बनतें तें मातींतील लोहाशीं संयोग पावतें; तें लोह नदीवाटे समुद्रास मिळतें, व त्यावर सूक्ष्म वनस्पति पोसतात. कालवांचें अन्न तें हेंच.

पुढें डोंगरगांवच्या शाळांतील मुलांस खाडीवर बोलावूं लागले. बारीक जाळ्यांत धरलेले सूक्ष्म जीव पेल्यांतून मुलांस चाखावयास देत! नदींत सोडलेलें सर्व अखेर आपल्याच पोटांत येतें, हें जाणून कित्येकांनीं घरीं साबण बेतानें वापरण्याचा हट्ट धरिला. फळ्यावर हा पाठ साधला नसता, असें आम्हांस वाटतें.

११ मार्च २०११ च्या सुनामींत तराफे व होड्या गेल्या; हाताकेयामा ह्यांच्या मातोश्रीही गेल्या. समुद्र मेला, असें कोळ्यांस वाटलें. तेव्हां क्योतो विद्यापीठाच्या संशोधकांनीं येऊन पाणी तपासलें व कालवांस पुरेसें अन्न आहे असें सांगितलें. तराफे पुन्हां बांधले गेले.