सहलीच्या कागदावर सही करण्याआधी




अवधूताने चोवीस गुरू केले, हे आपण भागवताच्या अकराव्या स्कंधात ऐकतो. पृथ्वी, वारा, पाणी, मधमाशी, अजगर, समुद्र... बहुतेक गुरू त्याला उघड्यावरच भेटले. आपली सहावी-सातवी-आठवीतली मुलं मात्र शाळा, ट्यूशन आणि मोबाइल यातच फिरतात.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात याच वर्गांच्या काळात १० दिवस दप्तराविना शिकायचं सुचवलं आहे. तरी सहलीचा कागद घरी आला की आपला हात थबकतो. का, ते पाणीगेटच्या लोकांना सांगायला नको. १८ जानेवारी २०२४ ला हरणीच्या तलावात बोट उलटली. शाळेच्या सहलीला गेलेली १२ मुलं आणि २ शिक्षिका घरी परतल्या नाहीत. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसवली होती आणि लाइफ जॅकेट सगळ्यांच्या अंगावर नव्हतं.

मग मुलांना घरीच ठेवायचं का? आम्हाला तसं वाटत नाही. मुलांनी बाहेर जावं, पण आधी आपण चार प्रश्न विचारावेत:

१. मुलं किती आणि सोबत मोठी माणसं किती?
२. पाण्यात किंवा बोटीत जायचं आहे का? असेल तर प्रत्येकाला जॅकेट मिळणार का?
३. प्रथमोपचार कोणाला येतो? जवळचा दवाखाना कुठे आहे?
४. चढताना-उतरताना मुलं मोजणार कोण?

नीट उत्तर मिळेपर्यंत सही करू नका. विचारायला संकोच कसला? लेकरू आपलं आहे.

*या रविवारचा अभ्यास:* सुरुवात घरापासून करू. पावागड आपल्यापासून सुमारे ५० किलोमीटर. माचीपर्यंत गाडीने जा, पुढे उडनखटोला सोडून पायऱ्या चढा. पाण्याची बाटली ज्याची त्याने उचलायची. आजी-आजोबांना झेपेल तिथे सगळ्यांनी थांबायचं. डोंगरावरचे तलाव आणि खाली चांपानेरची गोल फिरत्या पायऱ्यांची विहीर दाखवा. एवढ्या उंचावर लोकांनी पाण्याची सोय कशी केली असेल, ते मुलांनाच शोधू द्या. आपण लगेच उत्तर सांगायचं नाही.

घरी आल्यावर मुलाला एकच विचारा, "आज तुला कोण गुरू भेटला?"
जे उत्तर येईल ते त्याच्याच शब्दांत ग्रुपवर टाका. आम्ही वाट बघतो.