रणभूमीवरील वैद्य : कॅप्टन नोएल शॅव्हॅस

व्हिक्टोरिया क्रॉस हा ब्रिटनचा सर्वोच्च युद्धसन्मान १८५६ मध्ये सुरू झाला. तो दोनदा मिळविणारे आजवर केवळ तिघे असून त्यांपैकी दोघे लष्करी डॉक्टर होते. त्यातील एक, आर्थर मार्टिन-लीक, बंगाल-नागपूर रेल्वेच्या वैद्यकीय सेवेत होते. दुसरे कॅप्टन नोएल शॅव्हॅस. दोन्ही सन्मान पहिल्या महायुद्धातच मिळविणारे ते एकमेव वीर होत.

शॅव्हॅस यांचा जन्म १८८४ मध्ये ऑक्सफर्ड येथे झाला. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते ४०० मीटर शर्यतीत धावले. पुढे लिव्हरपूल स्कॉटिश पलटणीचे डॉक्टर म्हणून ते फ्रान्सच्या आघाडीवर गेले.

पलटणीच्या डॉक्टरचे स्थान खंदकांलगतच्या प्रथमोपचार केंद्रात असे. जखमींना तेथवर आणण्याचे काम स्ट्रेचरवाहकांचे. तेथून त्यांना मागील रुग्णालयांकडे पाठविले जाई. परंतु दोन्ही सैन्यांच्या खंदकांमधील मोकळ्या पट्ट्यात पडलेल्या जखमींपर्यंत गोळीबारामुळे पोहोचणेच दुष्कर होई. शॅव्हॅस स्वतः त्या पट्ट्यात उतरले.

ऑगस्ट १९१६ मध्ये गिलमाँ येथील हल्ल्यात त्यांनी दिवसभर उघड्यावर शुश्रूषा केली व रात्री चार तास जखमींचा शोध घेतला. दुसऱ्या दिवशी एका अत्यवस्थ सैनिकाला ५०० यार्ड वाहून आणताना त्यांच्या कुशीत तोफगोळ्याचा तुकडा घुसला. तरीही त्याच रात्री शत्रूच्या खंदकापासून अवघ्या २५ यार्डांवरून त्यांनी तिघांची सुटका केली. मृतांचे ओळखबिल्लेही त्यांनी गोळा केले. या बिल्ल्यांमुळेच मृत सैनिकाचे नाव निश्चित होई आणि घरच्यांची अनिश्चितता संपे. सुमारे वीस गंभीर जखमींचे प्राण वाचविल्याबद्दल त्यांना पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

३१ जुलै १९१७ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ नवी लढाई सुरू झाली. आरंभीच जखमी होऊनही शॅव्हॅस यांनी आपले केंद्र सोडले नाही. दोन दिवस ते वारंवार बाहेर जाऊन जखमींना शोधत राहिले. २ ऑगस्टला केंद्रावरच तोफगोळा पडला. पोटात झालेल्या जखमेमुळे ४ ऑगस्ट रोजी ब्रँडहूक येथे त्यांचे निधन झाले. दुसरा सन्मान मरणोत्तर जाहीर झाला.

ब्रँडहूकच्या लष्करी दफनभूमीतील त्यांच्या स्मृतिशिलेवर दोन व्हिक्टोरिया क्रॉस कोरलेले आहेत. शत्रूचा संहार करून नव्हे, तर मरणाच्या दारातून माणसे परत आणून मिळविलेले हे सन्मान आहेत. सैनिकी शौर्याचा विचार करताना वैद्यकीय सेवेचे हे मोल विसरता येणार नाही.