'स्वगर्वासी' कसं झालं? लिंकरच्या वॉर्निंगविषयी थोडं

मागच्या ई-अंकात आपण दिवंगत सरांवरचा एक जुना स्मृतिलेख पुन्हा दिला. त्यात पहिल्याच ओळीत 'स्वर्गवासी'चं 'स्वगर्वासी' झालं होतं. पुढे 'मार्ग'चं 'मागर्', 'चर्च'चं 'चचर्'. सरांच्या मुलीचा फोन आला तेव्हा कळलं. अंक तासाभरात दुरुस्त केला, पण त्यांनी तोवर तो सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. ही टायपिंगची चूक नव्हती. चूक माझी होती, आणि कॉम्प्युटरने ती मला आदल्या रात्री स्पष्ट शब्दांत सांगितली होती. मी वाचली नाही.

आपले जुने अंक युनिकोडमध्ये नाहीत, जुन्या फॉन्टमध्ये आहेत. त्या फॉन्टमध्ये अक्षरं जशी दिसतात त्या क्रमाने साठवलेली असतात. पहिली वेलांटी आधी, मग अक्षर. रफार मात्र अक्षरानंतर. युनिकोड उच्चाराचा क्रम पाळतं, म्हणून वेलांटी मागे न्यावी लागते आणि रफार पुढे आणावा लागतो. त्यासाठी मी सी भाषेत दोन छोट्या शेअर्ड लायब्ररी लिहिल्या. 'वर्ण' ही सांगते की समोरचं चिन्ह कोणत्या प्रकारचं आहे. 'पालट' त्यावरून क्रम बदलते. मुख्य प्रोग्राम दोघींना वापरतो.

आता लिंकर म्हणजे काय? कंपायलर एकेक फाइल वेगळी वाचतो. त्याचं काम व्याकरण तपासण्याचं. लिंकर त्या फाइली एकत्र बांधतो, आपण लेख जमवून अंक बांधतो तसा. एका लेखात 'पाहा अमुक लेख' असं असेल तर तो लेख खरंच कुठे आहे, हे शोधणं त्याच्याकडे. शेअर्ड लायब्ररीत गंमत अशी की ती प्रोग्रामच्या आत शिवली जात नाही. प्रोग्राम सुरू होताना ती मेमरीत येते, आणि तिची एकच प्रत अनेक प्रोग्राम वाटून वापरतात. त्यामुळे लिंकरला बांधतानाच सगळं नक्की करता येत नाही. एरर आली तर फाइल तयारच होत नाही, झक मारत वाचावी लागते. वॉर्निंग आली तरी फाइल तयार होते, आणि आपण पुढे जातो.

पहिली वॉर्निंग मला जुन्या 32-बिट मशीनवर भेटली: 'क्रिएटिंग डीटी टेक्स्टरेल इन अ शेअर्ड ऑब्जेक्ट'. नाव भयंकर आहे, अर्थ सोपा. समजा लेखात तुम्ही 'पान 42 पाहा' असं लिहिलंत. तुमचा लेख अंकात कुठल्या पानापासून सुरू होणार हे ठाऊक नसेल, तर प्रत्येक वेळी तो आकडा हाताने बदलावा लागेल. 'तीन पानं पुढे पाहा' लिहिलंत तर लेख कुठेही बसवा, चालतं. शेअर्ड लायब्ररीचा कोड या दुसऱ्या पद्धतीचा हवा. नसेल तर लोड होताना कोडमध्येच खाडाखोड होते, मग ती पानं वाटून वापरता येत नाहीत, आणि ज्या भागात फक्त वाचायचं तिथे लिहायची परवानगी द्यावी लागते. सुरक्षेच्या दृष्टीने हे वाईटच. अँड्रॉइडने 6.0 पासून, त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बनवलेल्या अ‍ॅपमध्ये, अशा लायब्ररी लोड करणंच बंद केलं. उपाय: प्रत्येक सोर्स फाइल 'एफपिक' हा पर्याय देऊन कंपाइल करायची. नुसता लिंक करताना देऊन भागत नाही, मी तसं करून एक संध्याकाळ घालवली आहे. 64-बिट मशीनवर बहुतेक वेळा याच कारणाने सरळ एरर येते, 'रीकंपाइल विथ एफपिक'. तेच बरं.

आता आपल्या 'स्वगर्वासी'कडे. 'वर्ण'च्या पहिल्या आवृत्तीत 1 म्हणजे पहिली वेलांटी आणि 2 म्हणजे रफार असे प्रकार होते. मग 'दुसऱ्या'मधला तो अर्धा र राहिला हे लक्षात आलं. मी त्याला 2 क्रमांक दिला आणि रफार 3 वर ढकलला. 'वर्ण'ची आवृत्ती 2 बांधली, मुख्य प्रोग्राम परत बांधला. 'पालट'मध्ये मी एक अक्षरही बदललं नव्हतं, म्हणून ती तशीच ठेवली. लिंकर म्हणाला, 'पालट'ला 'वर्ण' 1 लागते, तिचा 'वर्ण' 2 शी 'मे कॉन्फ्लिक्ट'.

त्या 'मे'ने माझा घात केला. मला वाटलं, होईलही, नाहीही. प्रत्यक्षात प्रोग्राम सुरू झाल्यावर दोन्ही आवृत्त्या मेमरीत आल्या. एकाच नावाचं फंक्शन दोघींत असेल तर शोधाच्या क्रमात जी आधी, तिचं वापरलं जातं. इथे ती 2 होती. 'पालट' मात्र जुन्या यादीवर बांधलेली. रफार दिसला की नवी 'वर्ण' 3 म्हणायची, 'पालट'ला 3 माहीतच नाही, म्हणून रफार जागचा हलायचा नाही. मग युनिकोडच्या हिशेबाने तो पुढच्या अक्षरावर जाऊन बसला, आणि शब्द संपला असेल तर पाय मोडका र् राहिला. प्रोग्राम बंद पडला नाही, कुरकुरला नाही. आधीचे लेख जुन्या बिल्डने केलेले, त्यांची प्रुफं मी नीट पाहिली होती. स्मृतिलेख रात्री उशिरा घातला, तो कोणी वाचलाच नाही.

अशा वॉर्निंगमध्ये तीन गोष्टी शोधायच्या: कोणती लायब्ररी, ती कोणाला हवी आहे, आणि दुसरी आवृत्ती कुठून आली. 'एलडीडी' ही कमांड प्रोग्रामवर चालवली की दोन्ही आवृत्त्या यादीत दिसतात. मग मधली लायब्ररी नव्यावर परत बांधायची. एक मात्र लक्षात घ्या, मी आवृत्तीचा आकडा न बदलता यादी बदलली असती तर ही वॉर्निंगसुद्धा आली नसती. लिंकर नावं पाहतो, अर्थ नाही.

आणि काही वेळा तो गप्प बसतो. प्रोग्राम बांधताना एखादं नाव सापडलं नाही तर एरर येते, पण शेअर्ड लायब्ररी बांधताना लिनक्सचा लिंकर सहसा समजून घेतो की ते नंतर कुठूनतरी मिळेल. त्याला 'नो अनडिफाइन्ड' हा पर्याय दिला तर तो तेव्हाच अडवतो. 'फेटल वॉर्निंग्ज' दिला तर प्रत्येक वॉर्निंग एररसारखी वागते. फोन आला त्याच दिवशी मी दोन्ही घातले. बिल्ड लगेच थांबला.