नावे तीन, टपालपेटी एक

उपनगरी लोकल २०१३ साली विरारच्या पुढे डहाणूपर्यंत धावू लागली आणि केळवे रोड स्थानक मुंबईकरांना अधिकच जवळ आले. आमच्या केळव्यात सुरूच्या बनामागे, पानवेलींच्या आणि केळीच्या वाड्यांतून पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. त्यांची चौकशी बहुधा फोनवर येते. परंतु शाळांच्या सहली आणि कचेऱ्यांचे गट लेखी उत्तर मागतात, म्हणजे ई-मेल करतात. असे एक पत्र हुकले, की तीस-चाळीस पानांची पंगत हुकते. वाडीवर पोट असणाऱ्या घराला हे नुकसान लहान नाही.

माझ्या मामांची डोमेन नावे तीन : एक खोल्यांचे, एक खानावळीचे, एक वाडीतल्या मालाचे. तिन्ही एकाच शेअर्ड होस्टिंगच्या खात्यात आहेत. मामा म्हणाले, "अगं, तीन पेट्या कोण उघडत बसणार? सगळं एका ठिकाणी येऊ दे." घरात महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिली, तेव्हा विषय कोणताही असो, काम माझ्याकडे आले. ते करताना जे उमगले, ते प्रस्तुत लेखात मांडते.

प्रथम पत्र पोहोचते कसे ते पाहू. नेटवर्कवरून ई-मेल पाठवताना माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ॲटचे चिन्ह घालण्याची रीत रे टॉमलिन्सन यांनी १९७१ साली पाडली. पुढे १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डोमेन नावांची पद्धत आखली. आपल्याकडे १९७२ पासून पाकिटावर पिनकोड असतो. त्यावरून पत्र कोणत्या टपाल कार्यालयाकडे द्यायचे ते कळते. डोमेनच्या नोंदींमध्ये 'एमएक्स' नावाची नोंद हेच काम करते. या नावाची पत्रे कोणत्या सर्व्हरने स्वीकारायची, हे ती सांगते. ही नोंद आपल्या होस्टिंगकडे वळलेली नसेल, तर पुढची सारी खटपट व्यर्थ. म्हणून पहिली तपासणी हिचीच.

शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळ समजा. इमारत एक, बिऱ्हाडे अनेक. आपल्या बिऱ्हाडाची किल्ली म्हणजे नियंत्रण-पटल. पुष्कळ ठिकाणी ते 'सीपॅनेल' या नावाचे असते. त्यातील 'फॉरवर्डर्स' या भागात डोमेन निवडायचे, पत्त्याचा ॲटच्या आधीचा भाग लिहायचा आणि पत्र कुठे धाडायचे तो पत्ता द्यायचा. येथे ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी, की एका डोमेनसाठी केलेली सोय दुसऱ्याला आपोआप लागू होत नाही. खोल्यांच्या नावावर 'बुकिंग' हा पत्ता केला, म्हणून खानावळीच्या नावावर तो होत नाही. तिन्ही नावांसाठी तीनदा नोंद करावी लागते.

'कोणत्याही पत्त्यावर आलेले सगळेच घ्यावे' अशीही सोय असते. ती मोहक आहे, पण घेऊ नये. जाहिरातवाले अंदाजाने शेकडो पत्ते रचून पत्रे टाकतात. ती सगळी मग आपल्या दारी येतात. जो पत्ता आपण दिलाच नाही, त्याचे पत्र परत जाऊ द्यावे.

आता खरी मेख. पुष्कळजण तिन्ही नावांची पत्रे थेट आपल्या जीमेलवर धाडतात. काही पत्रे येतात, काही येत नाहीत, आणि कारण कळत नाही. ते कारण असे : प्रत्येक डोमेनचा मालक 'एसपीएफ' या नोंदीत जाहीर करू शकतो, की माझ्या नावाने कोणत्या सर्व्हरना पत्र पाठवण्याची मुभा आहे. मुंबईच्या शाळेचे पत्र आमच्या होस्टिंगने उचलून जीमेलला दिले, की जीमेलला पाठवणाऱ्याचे नाव शाळेचे दिसते, पण दारात उभा सर्व्हर तिच्या यादीत नसतो. मग संशय येणारच. पाकिटावरचा प्रेषक बदलून लिहिण्याची 'एसआरएस' नावाची युक्ती आहे, आणि पत्राची 'डीकेआयएम' ही सही मजकूर न बदलल्यास पुढेही टिकते. पण या गोष्टी सर्वत्र असतातच असे नाही. त्यात जाहिरातींची पत्रेही आपणच पुढे ढकलतो. त्यामुळे सर्व्हरचा लौकिक जातो, आणि चाळीत एकाने कचरा टाकला की बोल सगळ्या बिऱ्हाडांना लागतो. गूगल आणि याहू यांनी फेब्रुवारी २०२४ पासून याबाबतचे नियम अधिक कडक केले आहेत.

म्हणून मी मांडणी निराळी केली. खोल्यांच्या नावावर होस्टिंगमध्येच एक खरी पेटी उघडली. उरलेल्या दोन नावांचे पत्ते त्या पेटीकडे वळवले. पत्र चाळीच्या आवारातच एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जाते. बाहेरच्या पहारेकऱ्याशी गाठच पडत नाही. मामांच्या फोनमधील ई-मेलच्या ॲपमध्ये ही पेटी 'आयमॅप' पद्धतीने जोडली. पत्र फोनवर दिसते आणि सर्व्हरवरही राहते. पेटीला जागेची मर्यादा असते, तेव्हा जुनी पत्रे अधूनमधून काढावी लागतात. एवढी झाडलोट पत्करावी.

दोन सूचना आणखी. पुढे धाडणे हा एकेरी रस्ता आहे. खानावळीच्या पत्राला उत्तर देताना प्रेषक म्हणून खानावळीचेच नाव जावे, यासाठी त्या नावाची पेटी आणि पाठवण्याची सोय वेगळी करावी लागते. आणि चाचणी घेताना पत्र त्रयस्थ पत्त्यावरून पाठवावे. जीमेलवरून पाठवलेले पत्र फिरून त्याच जीमेलवर आले, तर ते पुन्हा नवे म्हणून दिसत नाही आणि सोय बिघडली असा उगाच समज होतो.

शेवटी मुद्दा मालकीचा. डोमेनची नोंदणी ठरावीक मुदतीची असते. मुदत वाढवली नाही, तर नाव कालांतराने दुसरा कोणी घेऊ शकतो. ती नोंदणी संकेतस्थळ करून देणाऱ्याच्या नावावर असेल, तर फलक आपला आणि जमीन परक्याची. वाडीचा सातबारा आपण जपून ठेवतो. नोंदणी कोणाच्या नावावर आहे, मुदत कधी संपते आणि किल्ली कोणाकडे आहे, हे तीन प्रश्न गावातल्या प्रत्येक फलकवाल्याने आजच विचारावेत.